पोर्टलँडचे चार छोटे पेले

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या पोर्टलँड शहरात पाण्याची बाटली विकत घ्यावी लागत नाही. मध्यवस्तीतल्या फुटपाथांवर कांस्याची कारंजी उभी आहेत. एका खांबाला चार कटोरे आणि प्रत्येकातून उसळणारी बारीक धार. वाकायचं आणि प्यायचं. सायमन बेन्सन नावाच्या लाकडाच्या बड्या व्यापाऱ्याने १९१२ मध्ये शहराला दहा हजार डॉलर देऊन अशी वीस कारंजी बसवून घेतली. कामगारांना दुपारी फुकट पाणी मिळालं, तर ते तहान भागवायला गुत्त्याची पायरी चढणार नाहीत, असा त्याचा हिशेब होता म्हणतात. चारच वर्षांत, १९१६ साली, ऑरेगन राज्याने सरळ दारूबंदीच आणली. देशभरची दारूबंदी त्यानंतर चार वर्षांनी आली आणि १९३३ मध्ये उठली. बेन्सनची कारंजी अजून वाहताहेत आणि त्यांच्या आसपासच्या गल्ल्यांतून ब्रूअऱ्यांमागून ब्रूअऱ्या लागताहेत.

दोन्हीकडचं पाणी मात्र एकच.

शहराच्या पूर्वेला, माउंट हूडच्या पायथ्याच्या डोंगरांत, बुल रन नावाचं राखीव जंगल आहे. १८९५ पासून पोर्टलँड तिथलं पाणी पितं आणि सामान्य माणसाला त्या जंगलात पाऊल ठेवायला बंदी आहे. दूरवर दिसणारं हूडचं बर्फाळ शिखर बघून पाहुण्याला वाटतं, हे वितळलेल्या बर्फाचं पाणी असणार. प्रत्यक्षात ते बहुतांशी पावसाचं आहे. त्यात क्षार अगदी कमी, म्हणून पाणी कमालीचं मऊ. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, तेव्हा ही गोष्ट किरकोळ नाही. इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरींत जिप्सम होतं, म्हणून तिथली पेल एल कोरडी, कडू, टोकदार झाली. चेक देशातल्या प्लझेनचं पाणी मऊ, म्हणून तिथे पिल्सनर जन्माला आली. पूर्वी ब्रूअरला गावच्या विहिरीपुढे मान तुकवावी लागे. पोर्टलँडचा ब्रूअर कोऱ्या पाण्यात हवे ते क्षार तोलून घालतो. एका टाकीत बर्टन, दुसरीत प्लझेन. इथल्या एकेका पबच्या फळ्यावर इतक्या जातींच्या बिअर दिसतात, त्यामागचं हे एक कारण.

दुसरं कारण कायद्याचं. दारूबंदी उठल्यावरही अमेरिकेत घरी बिअर बनवायला मनाई होती. ती १९७८ मध्ये जिमी कार्टर यांच्या सहीने गेली आणि गॅरेजांतून हंडे चढले. पोर्टलँडमध्ये १९८४ साली दोन छोट्या ब्रूअऱ्या सुरू झाल्या. डिक आणि नॅन्सी पाँझी या वाइन करणाऱ्या जोडप्याची ब्रिजपोर्ट, आणि कर्ट व रॉब विडमर या भावांची विडमर ब्रदर्स. अडचण अशी, की बिअर जिथे बनते तिथेच ती गिऱ्हाइकाला पेल्यातून विकता येत नव्हती. बनवणारा वेगळा, घाऊक विकणारा वेगळा आणि पाजणारा वेगळा, अशा भिंती दारूबंदीनंतर मुद्दाम घातलेल्या. या मंडळींनी राज्याच्या राजधानीत, सेलमला, खेटे घालून १९८५ मध्ये कायदा बदलून घेतला. त्याच वर्षी माइक आणि ब्रायन मॅकमेनामिन या भावांनी हिल्सडेल भागात ऑरेगनमधला पहिला ब्रूपब काढला. बिअर बनवणारा आणि पिणारा एका छपराखाली आले, प्रश्न विचारता येऊ लागले. चार छोट्या पेल्यांची चाखणी, जिला तिथे फ्लाइट म्हणतात, ती अशा जागेतच खरी शोभते.

माझा भाचा शहराच्या पश्चिमेला, बीव्हरटनला राहतो. तिथून हिल्सबरोपर्यंतच्या पट्ट्यात इंटेलमुळे मराठी घरं भरपूर. गणपतीला आरती म्हणायला माणसं कमी पडत नाहीत. मी सप्टेंबरात गेलो होतो आणि भाच्याने सुरुवातीलाच बजावलं, “मामा, गाडी नाही काढायची. मॅक्सने जाऊ.” मॅक्स म्हणजे तिथली लाइट रेल. बीव्हरटनहून शहरात येताना ती डोंगराच्या पोटातून जाते आणि वाटेतलं वॉशिंग्टन पार्क स्थानक जमिनीखाली ऐंशी मीटरच्या आसपास खोल आहे. बिअरच्या प्रवासाला आगगाडीसारखं वाहन नाही. भाचेसून पीत नाही, पण आमच्याबरोबर आली. तिचं नाक आम्हा दोघांपेक्षा तिखट निघालं, ते पुढे येईलच.

फ्लाइट म्हणजे लाकडी फळीवर किंवा तारेच्या घडवंचीवर मांडलेले चार ते सहा छोटे पेले. एकात साधारण १२० ते १५० मिली. अमेरिकन पाइंट ४७३ मिलीचा असतो, म्हणजे चार छोटे पेले मिळून निदान एक मोठा ग्लास. हा हिशेब डोक्यात ठेवावा, कारण छोट्या पेल्याचा आकार फसवतो. चारही पेले पाच टक्क्यांच्या बिअरचे असतील तर गोष्ट वेगळी आणि त्यात दोन नऊ टक्क्यांच्या डबल आयपीए, म्हणजे चढ्या इंडिया पेल एल, असतील तर उठताना टेबल धरावं लागतं. दारात ओळखपत्र मात्र दाखवावंच लागतं. माझे पिकलेले केस बघूनही पासपोर्ट मागितला गेला. वय २१ लागतं, आणि ते केसांवरून ठरत नाही.

आता निवडीचं. मी आजूबाजूच्या टेबलांवर बघत होतो. बहुतेक लोक फळ्यावरचं नाव वाचून निवडतात. नाव जितकं विचित्र तितकी मागणी जास्त. परिणामी एका फळीवर एक आंबट, एक चॉकलेटची, एक धुरकट आणि एक मिरची घातलेली, अशी जत्रा जमते. चारही घोट घेऊन झाले की जिभेला एवढंच कळतं, की या चार वेगळ्या होत्या. ते तर फळ्यावरच लिहिलेलं असतं. माझं मत असं बनत गेलं, की फ्लाइट मागवताना आधी एक प्रश्न ठरवावा आणि चार पेल्यांत एकच गोष्ट बदलू द्यावी. आज यीस्ट बघायचं का? माल्ट? हॉप्स? की नुसती या घराची सफाई बघायची? प्रश्न ठरला की फळा आपोआप वाचता येतो.

यीस्टचा धडा पुणेकराला पोर्टलँडमध्ये सर्वात सोपा आहे. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली तेव्हापासून आपल्याकडच्या मायक्रोब्रूअऱ्यांत गव्हाची हेफेवायझेन घराघरातली झाली. तिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तिच्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते. दोन्ही वास बव्हेरियन जातीचं यीस्ट आंबताना तयार करतं. पोर्टलँडमध्ये ‘हेफेवायझेन’ मागवा आणि केळं शोधत बसा, बहुधा मिळणार नाही. विडमर बंधूंकडे १९८६ मध्ये एका पबमालकाने आणखी एक, तिसरी बिअर मागितली. टाक्या दोनच होत्या. त्यांनी गव्हाची बिअर न गाळता, गढूळच, त्याच्या हवाली केली. यीस्ट शांत स्वभावाचं होतं, तेव्हा वास आला तो पावाचा आणि लिंबाचा. काठावर लिंबाची फोड लावून ती गढूळ बिअर शहरभर गेली, आणि गव्हाच्या बिअरची अमेरिकन तऱ्हा तिथून रूढ झाली. बव्हेरियन आणि अमेरिकन, दोन गव्हाच्या बिअर शेजारी ठेवून वास घेतला की यीस्ट काय करतं ते समजावून सांगायला माणूस लागत नाही.

माल्टसाठी आम्ही केनेडी स्कूलला गेलो. ही खरोखरची शाळा, १९१५ साली बांधलेली. शाळा बंद पडल्यावर मॅकमेनामिन बंधूंनी १९९७ मध्ये तिचं हॉटेल केलं. वर्गांत राहायच्या खोल्या आहेत आणि फळेही तसेच ठेवलेत. सभागृहात सोफ्यावर बसून सिनेमा बघता येतो. एका बारचं नाव ‘डिटेन्शन’, म्हणजे शाळा सुटल्यावर शिक्षा म्हणून थांबवून घेतलेल्या पोरांची खोली. ज्यांची शाळा आयुष्यभर डोक्यात बसलीय त्यांनी इथे पाय ठेवावा. जागेतच ब्रूअरी आहे आणि छोट्या पेल्यांचा संच मिळतो. रास्पबेरीची फिकट गुलाबी रूबी, तांबूस हॅमरहेड, काळी टर्मिनेटर स्टाउट. रंगाचा हा सगळा खेळ बार्लीच्या भाजण्यावर आहे. नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, तेच इथे बार्लीचं करतात. मोड आल्याने दाण्यातले पाचक रस जागे होतात आणि पुढे गरम पाण्यात पिष्टाची साखर करतात. मोड वाळवताना आच मंद ठेवली तर पिवळी बिअर, वाढवली तर बिस्किटाचा तांबूस रंग, आणि कॉफीसारखं काळं भाजलं तर स्टाउट. बहुतेक काळ्या बिअरमध्ये सुद्धा काळा माल्ट थोडाच असतो, बाकीचा पिवळाच. भाच्याचा समज होता, की काळी म्हणजे कडक. टर्मिनेटर साडेसहा टक्क्यांच्या आसपास, आणि पलीकडच्या टेबलावरची सोनेरी डबल आयपीए तिच्याहून दीड-दोन टक्क्यांनी चढी. रंगावरून ताकद ठरत नाही.

हॉप्सपाशी मात्र मुक्काम वाढला. कारण हॉप्स हे ऑरेगनचं घरचं पीक आहे. ही भांगेच्या कुळातली वेल. तिच्या मादी फुलांच्या हिरव्या, पाकळ्या-पाकळ्यांच्या शंकूंत एक पिवळी चिकट पूड असते. कडूपणा आणि वास दोन्ही तिच्यात. पोर्टलँडच्या दक्षिणेला कॉर्व्हॅलिस इथे, ऑरेगन स्टेट विद्यापीठात, अमेरिकी कृषी खात्याचा हॉप्सच्या संकराचा जुना प्रकल्प आहे. १९५६ मध्ये केलेल्या एका संकरातून तिथे एक वाण निघालं आणि १९७२ मध्ये ‘कॅस्केड’ नावाने ते शेतकऱ्यांना दिलं गेलं. वास जर्मन हॉप्ससारखा मंद, फुलांचा नाही. सरळ पपनसाच्या सालीचा. मोठ्या कंपन्यांच्या सौम्य लागरला तो वास फार होता. पण कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाने १९८० साली आपल्या पेल एलमध्ये हेच हॉप्स घातले, आणि पुढे ज्याला लोक ‘अमेरिकन क्राफ्ट बिअरची चव’ म्हणू लागले ती मुख्यतः या वाणाची चव आहे. हे माहीत असल्यावर फ्लाइटमधला पहिला पेला कॅस्केडच्या साध्या पेल एलचा घ्यावासा वाटतो. पर्ल डिस्ट्रिक्टमध्ये डेशूट्सचा पब आहे. मूळ ब्रूअरी १९८८ ची, बेंड गावची. हा पब २००८ चा. त्यांची मिरर पाँड ही कॅस्केडवरच उभी असलेली पेल एल. आजच्या जिभेला ती सौम्य वाटेल. अशा पेल एलपासूनच सगळ्यांनी उड्या मारायला सुरुवात केली, म्हणून ती आधी प्यावी.

उड्या कुठवर गेल्या ते बघायला आम्ही ब्रेकसाइडला बसलो. २०१० मध्ये वुडलॉन वस्तीत सुरू झालेली ही ब्रूअरी. तिच्या आयपीएला २०१४ च्या ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमध्ये अमेरिकन आयपीएचं सुवर्णपदक मिळालं होतं, आणि तो गट तेव्हा त्या स्पर्धेतला सर्वांत गर्दीचा होता. त्यांच्या स्लॅबटाउनच्या पबात आम्ही फ्लाइटभर आयपीएच मागवल्या. वाढणाऱ्या मुलीने विचारलं, “सगळ्या आयपीए?” भाचा म्हणाला, “मामा प्रयोग करतोय.” वेस्ट कोस्ट पद्धतीची आयपीए पारदर्शक, कोरडी, चीडच्या झाडाच्या डिंकाची आठवण देणारी, आणि कडूपणा घशात रेंगाळणारा. तिच्या शेजारी गढूळ, हेझी आयपीए. ही तऱ्हा पूर्व किनाऱ्यावरच्या व्हरमाँटकडून आली. तिच्यात ओट आणि गहू असतात. हॉप्स उकळताना न घालता बहुतांशी नंतर, थंड झाल्यावर घालतात, त्यामुळे वास रसाळ आंब्या-संत्र्याचा आणि कडूपणा नावाला. गंमत अशी, की दोन्हीत हॉप्सच्या जाती अनेकदा त्याच असतात. घालायची वेळ बदलली की बिअर बदलते. उकळत्या रसात तासभर शिजलेला हॉप कडूपणा देतो आणि त्याचा वास वाफेबरोबर उडून जातो. थंड रसात पडलेला हॉप वास देतो, कडूपणा राखून ठेवतो.

फळ्यावर प्रत्येक नावापुढे दोन आकडे असतात. अल्कोहोलची टक्केवारी आणि कडूपणाचा आयबीयू. पहिल्यावर विश्वास ठेवावा. दुसरा अर्धवट बोलतो. साठ आयबीयूची दाट, गोडसर स्टाउट मवाळ लागते आणि चाळीसची कोरडी पिल्सनर बोचते, कारण गोडवा कडूपणाला झाकतो. मेनूवरच्या आकड्यांपेक्षा वाढणाऱ्याला “कोरडी आहे का गोडसर?” हे विचारावं. सरळ उत्तर मिळतं आणि वर एखाद्या नळाची धार चाखायलाही मिळते.

तिसऱ्या तऱ्हेची आयपीए बघायला नदी ओलांडून वेफाइंडर या ब्रूअरीत जावं लागलं. तिथल्या केव्हिन डेव्ही या ब्रूअरने २०१८ मध्ये ‘कोल्ड आयपीए’ नावाची तऱ्हा काढली. नावावरून वाटतं तसं पेल्याच्या थंडपणाशी तिचा संबंध नाही. माल्टमध्ये तांदूळ किंवा मका मिसळून अंग हलकं करायचं, लागरचं यीस्ट घालायचं, पण ते लागरपेक्षा थोड्या जास्त उबेत आंबू द्यायचं. परिणाम कडक इस्त्रीच्या सदऱ्यासारखा: स्वच्छ, चुरचुरीत, हॉप्सचा वास समोर उभा. हेझीच्या दाटपणाला कंटाळलेल्यांनी ती पटकन उचलली आणि देशभर नक्कल झाली.

पण वेफाइंडरचं खरं कौतुक मला त्यांच्या लागरचं. ‘हेल’ ही त्यांची जर्मन पद्धतीची फिकट सोनेरी बिअर. कुठल्याही नव्या ब्रूअरीत पहिला पेला अशा साध्या बिअरचा असावा असं माझं ठाम मत आहे. आयपीएत हॉप्स, स्टाउटमध्ये भाजका माल्ट, फळांच्या बिअरमध्ये फळ, ही सगळी पांघरुणं आहेत. पिल्सनर किंवा हेलेसला पांघरूण नसतं. एल बिअर दोन-तीन आठवड्यांत विकायला येते. लागरला थंड टाकीत आणखी कित्येक आठवडे पडून राहावं लागतं, आणि तेवढे दिवस ती टाकी दुसरं काही कमावत नाही. छोट्या ब्रूअरीने मन लावून लागर केली असेल, तर बाकीचा फळा डोळे मिटून मागवावा.

पांघरूण नसलं की काय उघडं पडतं, ते एका वेगळ्याच जागी कळलं. जागेचं नाव राहू दे. मी पिल्सनरचा घोट घेऊन “बरी आहे” म्हणालो. भाचेसुनेने पेला नाकाशी नेला आणि म्हणाली, “मामा, तुम्हाला लोणी कढवल्याचा वास येत नाही का?” तिने म्हटल्यावर दुसरं काही जाणवेचना. हा डायअसेटिलचा वास. आंबवताना यीस्ट हे द्रव्य तयार करतं आणि थोडा वेळ दिला तर स्वतःच परत खाऊन टाकतं. घाई करून बिअर काढली, की ते शिल्लक राहतं. नळाच्या नळ्या धुतल्या नाहीत, तरी तोच वास येतो. असे आणखी काही वास ओळखीचे करून ठेवावेत. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास हा माल्टमधून येणाऱ्या गंधकयुक्त द्रव्याचा, नीट न उकळल्याचा. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून बिअर म्हातारी झालीय. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतली बिअर उन्हात राहिली की हॉप्समधलं द्रव्य उजेडाने बिघडतं आणि स्कंक प्राण्याची दुर्गंधी येते. त्यासाठीच तपकिरी बाटली असते. पेल्याच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील, तर दोष बिअरचा नाही, धुण्याचा. भाचेसुनेने सांगितलेला दोष वाढणाऱ्याला सांगितल्यावर त्याने वाद न घालता पेला नेला आणि दुसरी बिअर आणून दिली. आपल्याकडे अशा वेळी “सर, ही अशीच असते” ऐकायची सवय, म्हणून आम्ही जरा ओशाळलोच.

अल्बर्टा स्ट्रीटवरच्या ग्रेट नोशनचं वळण अगदी उलट. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या जागेची ‘ब्लूबेरी मफिन’ नावाची आंबट बिअर प्रसिद्ध आहे, आणि ‘डबल स्टॅक’ ही मेपल सिरप व कॉफीची स्टाउट. वास तंतोतंत बेकरीचा. भाचा खूश. मला पेलाभर पुरला. अशा बिअरचा शोध लागला तो फ्लाइटच्याच सोयीसाठी असावा, असा मला संशय आहे. पाइंटभर कुणी पिईल का सांगता येत नाही, पण १२० मिलीत ती मजा देते.

आंबट बिअरमध्ये पोर्टलँडचं स्वतःचं घराणं होतं. ‘होतं’ म्हणायचं कारण, कॅस्केड ब्रूइंग या ब्रूअरीचं २०१० साली उघडलेलं बॅरल हाउस २०२४ मध्ये बंद झालं. वाइनच्या जुन्या लाकडी पिंपांत लॅक्टोबॅसिलस जिवाणूंच्या जोरावर बिअर महिनोन्महिने आंबवायची, त्यात चेरी, जर्दाळू, द्राक्षं घालायची, ही त्यांची रीत. लॅक्टोबॅसिलस म्हणजे आपलं दही लावणारी मंडळी, त्यामुळे मराठी जिभेला आंबट बिअर समजायला वेळ लागत नाही. पुण्यात ग्रेट स्टेट एलवर्क्सने कोकम आणि मीठ घालून बिअर केली, तेव्हा तीही याच वाटेने गेली. फ्लाइटमध्ये आंबट पेला शेवटी घ्यावा. त्यानंतर सौम्य लागर प्यायली तर ती पाण्यासारखी लागते, आणि दोष तिला जातो.

बंद झालेल्यांची यादी पोर्टलँडमध्ये लांब आहे. १९८४ ची ब्रिजपोर्ट २०१९ मध्ये गेली. १९९३ ची हेअर ऑफ द डॉग तिचा मालक निवृत्त झाला म्हणून २०२२ मध्ये. तिची ‘अ‍ॅडम’ ही बिअर जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या विस्मृतीत गेलेल्या प्रकाराचं पुनरुज्जीवन होती आणि ती कल्पना फ्रेड एकहार्ट या बिअरवर आयुष्यभर लिहिणाऱ्या पोर्टलँडकर गृहस्थांची. २०२४ मध्ये साऱ्या अमेरिकेत जितक्या क्राफ्ट ब्रूअऱ्या उघडल्या त्याहून जास्त बंद पडल्या. त्यामुळे जुन्या मार्गदर्शक पुस्तकावर विसंबून निघू नये. जायच्या आदल्या दिवशी दार उघडं आहे का ते बघावं.

सप्टेंबरात जायचा फायदा शेवटी सांगतो. विलॅमेट खोऱ्यात तेव्हा हॉप्सची काढणी चालू असते. भाचा एका सकाळी गाडीने सेलमकडे घेऊन गेला. प्यायचं नव्हतं, म्हणून गाडी चालली. साडेपाच मीटर उंच खांबांवर तारा ताणलेल्या आणि त्यांवर चढलेल्या वेलींच्या हिरव्या भिंती. यंत्र वेल मुळाशी कापतं, शेडमध्ये उलटी टांगतं, शंकू झोडून काढतं. शंकूंत तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असतं, म्हणून ते लगेच गरम हवेच्या भट्टीवर वाळवावे लागतात, नाहीतर ढिगात गरम होऊन सडतात. एक शंकू चोळून पाहिला. बोटं दुपारपर्यंत चिकट आणि पिवळी राहिली. भट्टीच्या आधीच काही पोती बाजूला निघतात. ब्रूअऱ्यांच्या गाड्या ती घेऊन परत पळतात आणि काही तासांत ओले हॉप्स रसात पडतात. वाळलेल्यांच्या कितीतरी पट वजनाने घालावे लागतात, कारण बहुतांशी पाणीच घालत असतो. या बिअरला तिथे फ्रेश हॉप म्हणतात. तिचा वास कापलेल्या गवताचा, कच्च्या खरबुजाच्या सालीचा. काही आठवड्यांत तो उतरतो, म्हणून ती बाटलीतून पुण्याला आणायचा विचार करू नये. जिथे पिकली तिथे जाऊनच प्यावी लागते.

त्या संध्याकाळी फ्लाइट मागवताना आम्ही एकच बदल ठेवला. एकाच ब्रूअरीची पेल एल, एकदा वाळलेल्या हॉप्सची आणि एकदा ओल्या. चारही पेले एकदम न मागवता दोन-दोन मागवले. छोटा पेला लवकर कोमट होतो, आणि चौथ्यापर्यंत पोचेतो त्याचा फेस गेलेला असतो. बर्फगार बिअरला वास नसतो म्हणून दोन मिनिटं थांबलो, मग आधी वास, मग घोट, मग नाकाने सावकाश श्वास सोडायचा. मध्ये पाणी आणि खारी प्रेट्झेल. भाच्याला बाहेरच्या फूड कार्टवरचं झणझणीत थाई खायचं होतं. त्याला थांबवलं, कारण तिखटावर कडू आयपीए ओतली की तिखट दुप्पट चढतं. भाचेसुनेने दोन्ही जोड्यांचे वास घेऊन प्रत्येकीतला ओल्या हॉप्सचा पेला न बघता ओळखला. वाढणाऱ्याने विचारलं, आता यातला मोठा ग्लास कोणता देऊ? भाच्याने फ्रेश हॉप सांगितली, मी वाळलेल्याची पेल एल. तो हसून म्हणाला, काम संपल्यावर मी स्वतः पिल्सनर पितो. मग आम्ही तीही एक छोटी मागवली, आणि शेवटची मॅक्स गाठायला उठलो.